पुण्यात एमपीएससीची पोरं अभ्यास सोडून सारखी रस्त्यावर का बसतात?

मी नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, पाच वर्षं काढलीत आणि एकदा त्या गर्दीत बसलोयपण, त्यामुळे माझं उत्तर पोरांच्या बाजूने झुकणार हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न विचारताना तुम्ही म्हणताय, पोरं बसली आणि शास्त्री रोड अडला की कामावर जाणाऱ्यांचे हाल होतात. होतात, मान्य. पण "खरंच अभ्यास करणाऱ्याला आंदोलनाला वेळ कुठून मिळतो" हे जे लिहिलंय ना, तिथे तुमचं चुकतंय.

11 मार्च 2021, महाशिवरात्र होती. मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी खाऊन अभ्यासिकेत येऊन बसलो होतो, राज्यसेवा पूर्व, म्हणजे अधिकारी पदांची पहिली परीक्षा, तीन दिवसांवर म्हणजे 14 तारखेला, हॉल तिकिटाची प्रिंट काढून फाईलला लावलेली. आणि दुपारी मोबाईलवर लोकसेवा आयोगाचं, म्हणजे एमपीएससीचं पत्रक आलं, परीक्षा पुढे ढकलली. ही मूळ परीक्षा 5 एप्रिल 2020 ची बरं का! कोरोनामुळे गेली तेव्हा कोणी काही बोललं नाही, ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेली तेव्हाही आम्ही पुस्तकात डोकं घालून बसलो, पण यावेळी तीन दिवस आधी. शेजारचा पोरगा काहीच बोलला नाही, टेबलावरचा दिवा तसाच चालू ठेवून चप्पल घालून खाली गेला आणि त्याच्या मागोमाग अख्खी अभ्यासिका उतरली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. कुठला नेता नाही, बॅनर नाही, निम्म्यांच्या पाठीवर सॅक तशीच. संध्याकाळी मुख्यमंत्र्यांना टीव्हीवर येऊन बोलावं लागलं आणि पेपर 21 मार्चला झाला. दहा दिवसांत! म्हणजे घेता येत होता ना?

2024 चं पण तसंच. 28 एप्रिलचा पेपर सरकत सरकत 25 ऑगस्टला आला आणि नेमकी त्याच दिवशी आयबीपीएसची, म्हणजे बँक भरतीची, क्लार्कची पूर्व. बँकेची नोकरी बहुतेकांचा प्लॅन बी असतो हो, घरी सांगायला काहीतरी लागतं. त्यात कृषीच्या 258 जागा पण याच जाहिरातीत घ्या अशी मागणी होती. पोरं दोन-तीन दिवस बसली तेव्हा कुठे तारीख बदलली, पेपर शेवटी 1 डिसेंबरला झाला.

आता सगळी आंदोलनं बरोबरच होती असं मी म्हणणार नाही. 2023 ला वर्णनात्मक पॅटर्न (पर्याय निवडायच्या ऐवजी उत्तरं लिहायची) लगेच नको, 2025 पासून लागू करा म्हणून जे बसले होते ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, माझ्या जुन्या रूममध्येच दोन पार्ट्या, एकाला लेखी पेपर लगेच हवा होता तर दुसऱ्याची चार वर्षं एमसीक्यूच्या, म्हणजे पर्यायवाल्या प्रश्नांच्या तयारीत गेलेली, आठवडाभर चहा वेगवेगळा प्यायचे. शरद पवार रात्री येऊन भेटून गेले, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या तोंडून तर लोकसेवा आयोगाऐवजी निवडणूक आयोग निघालं, मीम्सचा पाऊस पडला नुसता. शेवटी 2025 च ठरलं.

पण तारीख पुढे गेली की होतं काय ते बाहेरून दिसत नाही. कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, सगळं महिन्यावर असतं. घरून पैसे येतात ते सोयाबीन विकून, आणि वडिलांना फोनवर "पेपर परत पुढे गेला" हे तिसऱ्यांदा सांगताना त्यांना वाटतं पोरगं नापास झालं आणि लपवतंय. माझ्या वडिलांना तर तसंच वाटलं होतं, त्यांनी गावातल्या मास्तरांकडून खात्री करून घेतली मग. मुलींचं अजून अवघड, दरवेळी एक स्थळ थांबवून ठेवलेलं असतं.

आणि वयाची मर्यादा. खुल्याला 38, मागासवर्गीयांना 43. मी 2022 ला गाशा गुंडाळला, आता तालुक्याला फॉर्म भरायचं सेंटर चालवतो. मागे एक दादा आला होता, फोटो-सही सगळं स्कॅन करून आणलेलं, मी जन्मतारीख टाकली आणि फॉर्म पुढे जाईना. एकोणीस दिवसांनी हुकला होता. मला म्हणाला, परत एकदा टाकून बघ ना.