वाइंगापूला राहायला येण्याआधी

दादा, तुमचं पत्र मिळालं. वहिनींना इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर, वाइंगापूमध्ये दोन वर्षांचं काम मिळतंय आणि तुम्ही मुलीला घेऊन सोबत येणार. फलटणचा शेळ्यांचा गोठा भावाकडे सोपवायचा, इथे दहा-बारा एकर घेऊन शेळ्या पाळायच्या आणि समुद्राकाठी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायच्या, असा तुमचा बेत आहे. मुलूख कसा आहे, माणसं कशी आहेत, पोट कशावर चालतं, असं तुम्ही विचारलंय. मी माण तालुक्यातली. नवऱ्याच्या समुद्रशेवाळाच्या कामामुळे इथे आले आणि आता इथल्या विणकर बायकांबरोबर रंगाचं काम करते. तुमचा सगळा बेत जमिनीवर उभा आहे, म्हणून तेवढं आधीच सांगते: इथे जमीन विकत घेऊ नका. का, ते खाली येईलच.

सुंबा हे बेट फ्लोरेस बेटाच्या दक्षिणेला आहे. २००७ पासून त्याचे चार जिल्हे आहेत. त्यातला पूर्व सुंबा सर्वात मोठा, सुमारे ७,००० चौरस किलोमीटर, आणि वाइंगापू हे त्याचं मुख्य ठाणं. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या २ लाख ४५ हजारांच्या आसपास होती. आपल्या सातारा जिल्ह्यात २०११ लाच ३० लाख माणसं होती, यावरून अंदाज घ्या. इंडोनेशिया म्हटलं की ज्वालामुखी आणि भाताची हिरवी खाचरं डोळ्यांपुढे येतात. सुंबात ज्वालामुखी नाही. जमीन चुनखडीची, मातीचा थर पातळ, पाणी झिरपून खाली जातं. पाऊस डिसेंबर ते मार्च. मेपासून ऑस्ट्रेलियाकडून कोरडे वारे सुरू होतात. दक्षिणेचे डोंगर, त्यातला वांगामेती १,२२५ मीटरचा, थोडंफार पाणी अडवतात आणि उत्तर किनारा कोरडा राहतो. सह्याद्रीच्या मागे माणदेशाचं जे होतं तेच इथे आमचं होतं. तुम्ही पाहिलेले वाइरिंडिंगच्या हिरव्या टेकड्यांचे फोटो पावसाळ्यातले आहेत. सप्टेंबरमध्ये त्याच टेकड्या पिवळ्या पडतात, कुठे कुठे पेटवलेल्या गवताने काळ्या होतात.

आता त्या टेकड्यांविषयी. गाडीतून जाताना कुंपण नाही, घर नाही, नांगरट नाही, असं मैलोन् मैल गवत दिसतं आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाला वाटतं, ही तर पडीक जमीन. पडीक काही नाही. प्रत्येक उतार कुठल्या ना कुठल्या कबिहूचा, म्हणजे कुळाचा आहे. कुणाचे घोडे कुठे चरणार, कुणाच्या म्हशी कुठल्या ओढ्यावर पाणी पिणार, कुठल्या झाडाखाली मारापूचं, म्हणजे पूर्वजांचं ठाणं आहे, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. सातबारा मात्र बहुतेक ठिकाणी नाही. एक भाऊ दाखवतो, पैसे घेतो आणि सहा महिन्यांनी त्याचे चुलतभाऊ येऊन म्हणतात, आम्हाला कुणी विचारलं? त्यांचं चूक नसतं. २०१८ मध्ये पश्चिम सुंबात मारोसीच्या किनाऱ्यावर जमीन मोजणीला गावाने विरोध केला, तेव्हा गोळी लागून एका गावकऱ्याचा जीव गेला. आमच्या जिल्ह्यातही उसाच्या मोठ्या लागवडीवरून पाण्याचा आणि मारापूच्या ठाण्यांचा वाद पेटला होता. समुद्राकाठच्या चार खोल्या तुम्हाला छोट्या वाटतात, पण त्यांच्या वाट्याला येणारा किनारा गावासाठी होड्या ओढायची जागा असते.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, ज्याला इथे हाक मिलिक म्हणतात, ती फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. परक्याला भाडेपट्टा किंवा ठरावीक मुदतीचा वापरहक्क. बालीत तुम्हाला कुणी तरी सांगेल की इथल्या माणसाच्या नावावर घ्या आणि आपसात कागद करून ठेवा. तो व्यवहार कायद्याने रद्दबातल आहे, कोर्टात तुमचं कुणी ऐकणार नाही. शिवाय वहिनींच्या परवान्यावर अवलंबून असलेल्या नवऱ्याला कमावता येत नाही. स्वतःचा धंदा काढायचा तर परकीय गुंतवणुकीची कंपनी लागते आणि तिच्यासाठी १० अब्ज रुपियांहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते, जमीन आणि इमारत सोडून. शेळ्यांच्या गोठ्यासाठी हे परवडणारं नाही.

मग इथे श्रीमंती कशात मोजतात? जनावरांत आणि कापडात. हे नीट समजून घेतलंत तर बाकीचं आपोआप कळेल. पूर्वी या बेटाला चंदनाचं बेट म्हणत. व्यापाऱ्यांनी चंदन नेऊन नेऊन संपवलं. आज चंदनाचं नाव उरलंय ते घोड्याला, सँडलवुड घोडा म्हणतात त्याला. अंगाने लहान, पण काटक. आणि गायी पाहाल तर थबकाल. पांढऱ्या, उंच वशिंडाच्या, अगदी आपल्याकडच्या वाटाव्यात अशा. आहेतच त्या आपल्याकडच्या: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डचांनी आंध्रातली ओंगोल जात इथे आणून वाढवली आणि तिच्या वळूंनी पुढे जावातल्या गायींची पैदास बदलली. पहिल्यांदा बाजारच्या वाटेवर तो कळप बघून मला भरून आलं होतं.

लग्न ठरलं की मुलाकडचे बेलिस देतात: घोडे, म्हशी, मामुली नावाचे सोन्याचे दागिने. मुलीकडचे कापड आणि डुकरं परत देतात. मयत झालं की पाहुणा जनावर घेऊन येतो, ते घरात लक्षात ठेवलं जातं आणि पुढे फेडलं जातं. त्यामुळे ज्याच्याकडे शंभर जनावरं आहेत त्याच्या खिशात मुलाच्या फीपुरते पैसे नसतात असं सर्रास दिसतं. बाहेरचे लोक याला उधळपट्टी म्हणतात. मला ते पटत नाही. दुष्काळात, आजारपणात, टोळधाडीत इथल्या माणसाला बँकेने नाही, या देण्याघेण्याने तारलंय. मात्र मोठ्या मयतीसाठी कर्ज काढून म्हैस आणणारं गरीब घर पाहिलं की जीव तुटतो. दोन्ही खरं आहे. उमराव घराणी, ज्यांना मारांबा म्हणतात, आणि पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे राबणारी माणसं हा भेद अजून गेलेला नाही. कोण जमिनीवर बसतं, कोण पाणी आणून देतं, हे बघितलं की तुमच्या लक्षात येईल. मला ते खुपतं आणि खुपतच राहणार.

माणसं अतिशय मायाळू आहेत. कुणाच्या घरी गेलात तर आधी ओसरीवर बसवतील आणि पान-सुपारीची टोपली पुढे सरकवतील. पान म्हणजे आपल्यासारखं विड्याचं पान नव्हे, त्या वेलाची लांबट शेंग असते, चुन्यात बुडवून चावायची. खाता येत नसेल तर हात लावून थोडी उचला, पण टोपली परत सारू नका. कामाचं बोलणं त्यानंतर. पुरुषाला उंबू, बाईला रांबू म्हणा. इंडोनेशियन भाषा सहा महिन्यांत कामापुरती येते, खेड्यात कांबेरा बोलतात. बहुतेक लोक प्रोटेस्टंट आहेत, किनाऱ्यावर मुसलमान वस्त्या आहेत, आणि मारापू मानणारेही पुष्कळ. २०१७ मध्ये घटना न्यायालयाने अशा पारंपरिक श्रद्धांना ओळखपत्रावर जागा दिली. तो खटला लढणाऱ्यांत एक मारापूवाला होता. पासोला, म्हणजे घोड्यावरून भाले फेकायचा सोहळा, तो मात्र पश्चिमेकडचा आहे, आमच्याकडे नाही.

रोख पैसा मुख्यतः सरकारी पगारातून येतो. बाकी मका, थोडा भात, काजू, जनावरं, मासळी आणि समुद्रशेवाळ. दर चार माणसांत एकापेक्षा जास्त माणसं सरकारी गरिबीरेषेखाली आहेत. आणि विणकाम. प्रायलिऊ हे गाव शहराला लागूनच आहे, तिथे वहिनींना पहिल्या आठवड्यात घेऊन या. ताणा चौकटीवर ताणून नक्षीप्रमाणे ताडाच्या पातीने गच्च बांधतात, निळीत बुडवतात, सोडतात, पुन्हा बांधतात. लाल रंग आपल्या बारतोंडीच्या जातीच्या झाडाच्या मुळीचा. त्याआधी सूत केमिरी नावाच्या बियांच्या तेलात मुरवून ठेवावं लागतं, नाहीतर लाल धरत नाही. एका हिंगीला, म्हणजे पुरुषांच्या मोठ्या नक्षीदार वस्त्राला, कित्येक महिने लागतात. काही जुन्या नक्ष्या गुजरातच्या पाटोळ्यावरून उचललेल्या आहेत, शेकडो वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी आणलेल्या. बाजारात छापील नक्कल स्वस्तात मिळते. ती घेऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

तुम्ही काय करावं? शेळ्यांचं ज्ञान आणा, शेळ्या विकत घेऊ नका. उन्हाळ्यासाठी चारा साठवायची सवय इथे कमी, जनावरं मोकाट चरतात, चोऱ्याही होतात. मुरघास, चाऱ्याची झाडं, लसीकरण, यात तुमच्यासारख्या माणसाचं सोनं होईल. वहिनींच्या संस्थेला विचारा, तुमच्या नावे वेगळा कामाचा परवाना काढता येतो का. तो निघेपर्यंत पगारी काम धरू नका.

मुलीची शाळा इंडोनेशियन माध्यमाची असेल. मुलं पटकन शिकतात, त्याची चिंता नको. दवाखान्याची करा. वाइंगापूत रुग्णालयं आहेत, पण गंभीर दुखणं असलं तर विमानाने बाली किंवा आमच्या प्रांताचं मुख्य शहर कुपांग गाठावं लागतं, तेव्हा विमा त्या खर्चासकट घ्या. मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही आहेत, मच्छरदाणी घरात कायमची हवी. भूकंपाचा मुलूख आहे. १९७७ च्या मोठ्या धक्क्याने इथे सुनामी आली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये सेरोजा चक्रीवादळाच्या पुरात कांबानिरू नदीवरचा बंधारा फुटला आणि खालची भातशेती पाण्यावाचून राहिली. घर भाड्याने बघताना नदीकाठ टाळा, आणि पाण्याची टाकी केवढी आहे ते भाडं विचारायच्या आधी विचारा. शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही: टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, मका-शेंगदाणे, पपईचा पाला, आणि शेवग्याची भाजी तर दारोदारी. तूरडाळ, गूळ, गोडा मसाला तेवढा आणा.

मुक्कामाला यायच्या आधी दोघं एकदा बघून जा. भारतीय पासपोर्टवर बालीत उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, तिथून छोटं विमान वाइंगापूला येतं. ऑक्टोबरमध्ये या, गवत संपलेलं आणि विहिरी खोल गेलेल्या असतात तेव्हा. मेलोलोच्या रस्त्याने रेंदे गावापर्यंत जाऊन थोरल्यांच्या दगडी समाध्या बघू. वाटेत एका शेळीवाल्याकडे थांबू, त्याला तुमच्याशी बोलायचंच आहे. तारखा पक्क्या झाल्या की कळवा.