बिनधास्त विचारा : टॅन्डमला बसायच्या आधी पळायचं असतं

प्रश्न : वय 53, राहते घोडबंदर रोडला. जावयाने दिवाळीत हिमाचलमधल्या बीर बिलिंगचं बुकिंग केलंय आणि सगळ्यांचं टॅन्डम पॅराग्लायडिंगही (पायलटसोबत एकाच कापडी पंखाखाली उडायचं ते) परस्पर ठरवून टाकलंय. आमचं घर सतराव्या मजल्यावर, पण मी अजून गॅलरीच्या कठड्याला टेकत नाही. नाही म्हटलं तर घरचे वर्षभर चिडवणार, हो म्हटलं तर आतापासून झोप उडालीय. काय करू?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, जावयाचं मन राखायला म्हणून अजिबात करू नका, पण मनातून थोडीशी जरी इच्छा असेल तर गॅलरीच्या भीतीवरून नाही म्हणू नका. गॅलरीत खाली बघितलं की मजले, भिंत, जमीन असं सलग दिसतं आणि पोटात गोळा येतो. हवेत ती कडाच नसते, तुम्ही हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या खुर्चीत, मागे टेकून निवांत बसलेल्या असता, त्यामुळे उंचीला घाबरणारे बरेच लोक वर गेल्यावर बऱ्यापैकी शांत असतात. खरी तंतरते ती टेकऑफला.

तेव्हा नेमकं काय होतं ते सांगते. बिलिंगचा टेकऑफ साधारण 2400 मीटरवर आणि लँडिंग खाली बीरला, जवळपास 1000 मीटर खाली. जीपने वर नेतात. तुम्ही पुढे, पायलट मागे, आणि ग्लायडरचं कापड तुमच्या पाठीमागे गवतावर पसरलेलं. पायलट ‘भागो’ म्हणाला की पळायचं. पहिल्या दोन-तीन पावलांत कापड वर उठतं आणि कोणीतरी मागून पदर धरून खेचतंय असं वाटतं, आणि इथेच नवीन माणूस घाबरून मटकन खाली बसतो किंवा पाय उचलतो. तेवढं करायचं नाही! पाय हवेत गेले तरी पळत राहायचं, तो ‘बैठो’ म्हणाला की मगच बसायचं. तुमचं काम एवढंच, बाकी ब्रेकच्या दोऱ्या, दिशा, उतरणं सगळं त्याच्या हातात. उतरताना पाय कधी सरळ करायचे, कधी वर घ्यायचे तेही तोच सांगतो.

एक मात्र स्वतः बघा, दोन्ही मांड्यांचे पट्टे लागलेत का. छातीचा पट्टा समोर दिसतो, मांड्यांचा राहिला तर पटकन लक्षात येत नाही आणि तो राहिला तर माणूस हार्नेसमधून खाली सरकतो. हात लावून खात्री करा, दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटू देऊ नका. आणि रिझर्व्ह पॅराशूट (अडचणीत उघडायचं जादा पॅराशूट) आहे ना, तेही विचारून घ्या.

जॅकेट घाला, दिवाळीत वर गारठा असतो. पोटभर पराठे खाऊन जाऊ नका आणि अगदी उपाशीही नको. शेवटी काही पायलट हौसेने गोल गोल गिरक्या मारतात, त्यात मळमळतं, तेव्हा आधीच ‘भैया, आराम से’ सांगून ठेवा, ऐकतात.

प्रश्न : वजन 96 किलो, दीड वर्षापूर्वी गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय. चालेल का? (नेरूळ)

उत्तर : वजन खरं सांगा, चार किलो ढापू नका. ग्लायडरची मर्यादा पायलट, तुम्ही आणि सामान अशी एकत्र धरतात, त्यामुळे तुम्हाला हलका पायलट किंवा मोठा ग्लायडर देतील, नाहीतर सरळ नाही म्हणतील. पळावं लागतंच, म्हणून गुडघ्याचं आधी सर्जनला विचारा, मित्रांना नको.

प्रश्न : आम्ही ऐरोलीचे सहा जण रविवारी पहाटे उठून कामशेतला गेलो, चार तास डोंगरावर बसवलं आणि ‘हवा नाही’ म्हणून परत पाठवलं. हवा तर भरपूर होती, टोप्या उडत होत्या! ही फसवणूकच नाही का?

उत्तर : टोप्या उडत होत्या म्हणूनच उडवलं नाही रे बाबांनो. टॅन्डम ग्लायडरचा स्वतःचा वेग ताशी साधारण 35 ते 40 किलोमीटर, समोरून त्याच्या जवळपास वारा आला की तो पुढे सरकतच नाही, आणि अजून वाढला तर मागे डोंगराकडे ढकलला जातो. ‘हवा नाही’ म्हणजे उडण्यासारखी हवा नाही. ज्याने पैसे हातात येत असताना नाही म्हटलं त्याच्याकडेच परत जा. पैशांचं म्हणाल तर रद्द झालं तर दुसरी तारीख की रिफंड, हे बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायचं. पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का तेही विचारा, महाराष्ट्राच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात ती लागते. पावसाळ्यात कामशेत बंद असतं, आणि हिमाचलमध्येही 15 जुलै ते 15 सप्टेंबर बंदी असते. ट्रेनने जाणार असाल तर लोणावळ्याला उतरून पुण्याची लोकल, मळवलीनंतरचं स्टेशन. लोकल कमी असतात, टाइमटेबल बघून निघा.

प्रश्न : येऊरला किंवा खारघर हिलवर का नाही सुरू करत? एवढं लांब कशाला जायचं?

उत्तर : येऊर नॅशनल पार्कात, डोक्यावर मुंबई आणि आता नवी मुंबई अशा दोन विमानतळांचा ट्रॅफिक, आणि उतरायचं कुठे, सोसायटीच्या गच्चीवर?