चार्ल्स व्हॉयझी या इंग्रज वास्तुविशारदाची कारकीर्द १९१० नंतर का थांबली?

थांबली म्हणण्यापेक्षा आटली. व्हॉयझी (१८५७–१९४१) जवळजवळ फक्त राहती घरं बांधणारा माणूस. सुरुवातीला बांधकामं मिळेनात, तेव्हा वॉलपेपरची डिझाइन्स विकून त्यांनी दिवस काढले. पक्षी, पानं, फुलं अशी ती नक्षी आजही छापली जाते.

खरा बहर १८९० ते १९१० या काळातला. विंडरमीअर तलावाकाठचं 'ब्रॉड लेज' (१८९८) बघा: पांढऱ्या खरबरीत गिलाव्याच्या भिंती, उतरतं पाटीदगडाचं छप्पर, तलावाकडे तोंड केलेल्या तीन गोलाकार खिडक्या. बाहेरून भिंतींना तिरके टेकू. चॉर्लीवुडला १८९९ साली त्यांनी स्वतःसाठी 'द ऑर्चर्ड' बांधलं. लांबट बिजागऱ्या, पत्रपेटीची झडप, खुर्चीची पाठ, सगळं स्वतः आखायचे आणि त्यात जागोजागी पत्त्यांतल्या बदामाचा, म्हणजे हृदयाचा, आकार कोरायचे. मला तर हा बदामच त्यांची सही वाटतो.

पुढे श्रीमंत गिऱ्हाइकांची आवड अभिजात, खांबवाल्या शैलीकडे वळली. व्हॉयझींना ती परकी वाटे, आणि ते तडजोड करणारे नव्हतेच. त्यात पहिलं महायुद्ध आलं. नंतर घरांची कामं जवळजवळ नाहीतच.

१९३० च्या दशकात त्यांना आधुनिक वास्तुकलेचे अग्रदूत ठरवलं गेलं, तेही त्यांना पटलं नाही. ते स्वतःला परंपरेचेच समजत. ब्रिटिश वास्तुविशारद संस्थेचं सुवर्णपदक मिळालं ते १९४० साली, मृत्यूच्या अगदी आदल्या वर्षी.