मुदत संपली, देणं संपलं का?

प्रश्न : अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा कारखाना आहे. १० जानेवारी २०२२ ला एका व्यापाऱ्याला १,८५,००० रुपयांचा माल ६० दिवसांच्या उधारीवर दिला. आज देतो, उद्या देतो करत त्याने वर्षं काढली. आता वकील म्हणतात, दावा मुदतबाह्य झाला. माल नेल्याचं तो स्वतः नाकारत नाही. मग हा कसला न्याय?

उत्तर : वकिलांचं बरोबर आहे, आणि तुमचा संतापही. उधारी ११ मार्च २०२२ ला संपली. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तिथून तीन वर्षं, म्हणजे ११ मार्च २०२५ पर्यंत दावा लावायला हवा होता. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ नुसार कोर्टाला असा दावा फेटाळावाच लागतो. यात बुडव्यांचा कैवार नाही. वर्षं उलटली की पावत्या सापडत नाहीत, दिवाणजी काम सोडून गेलेला असतो. मग खोटं बिल पुढे करणाऱ्याचंही फावतं. म्हणून कुठेतरी रेघ ओढावी लागते. तुमच्या बाबतीत ती अन्यायाची झाली, हे कबूल करायलाच हवं.

पण बंद झाला तो कोर्टाचा दरवाजा. देणं बुडालेलं नाही. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण १८७२ च्या करार कायद्यात त्यातूनच दोन वाटा निघतात.

पहिली कलम २५(३) ची. मुदत संपल्यावरही देणेकऱ्याने पैसे देण्याचं वचन लेखी, सहीनिशी दिलं तर त्या वचनावर नव्याने दावा लावता येतो. इथे बहुतेक जण फसतात ते मजकुरात. ‘बाकी बरोबर आहे’ ही नुसती कबुली झाली. ती मुदतीच्या आत घेतली असती तरच कलम १८ प्रमाणे नवी तीन वर्षं मिळाली असती. आता ‘१० जानेवारी २०२२ च्या बिलाचे १,८५,००० रुपये मी देईन’ असंच लिहून हवं. तोंडी ‘देतो की शेठ’ला किंमत शून्य.

दुसरी कलम ६० ची. तो अजून तुमच्याकडून माल नेत असेल आणि कुठल्या बिलापोटी हे न सांगता पैसे देत असेल, तर ते तुम्ही जुन्या, मुदत गेलेल्या बाकीत जमा धरू शकता. परिस्थितीवरूनही बिल कळत नसावं, एवढीच अट. नव्या बिलाच्या आकड्याएवढा चेक आला की हा मार्ग खुंटला.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा न लावता, अर्ज करून लोकअदालतीतही तडजोड होऊ शकते. पण व्यापारी आलाच नाही तर तिथे त्याला ओढून आणता येत नाही.

इतर गिऱ्हाइकांकडून दर ३१ मार्चला खातेउताऱ्यावर तारखेसह सही घ्या. मालकाची, भागीदाराची किंवा अधिकार दिलेल्या माणसाची. गोदामातल्या पोऱ्याची सही चालत नाही, नुसता पेढीचा शिक्काही नाही.

प्रश्न : १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला, तोही कायदाच ना?

उत्तर : त्याला वटहुकमाचा आधार होता, म्हणून कागदावर कायदाच. पण ज्यांच्यावर तो चालला त्यांना तो करण्यात आवाज नव्हता. आज तेवढ्यावर भागत नाही. मनेका गांधी खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कुणाचं स्वातंत्र्य काढून घेणारी पद्धत नुसती कायद्यात लिहिलेली असून चालणार नाही, ती रास्त आणि वाजवीही हवी.