पहिल्यांदाच गहू करताय? मग एवढं सांभाळा

दादा, शिरूरकडं पाण्याची सोय असेल तर पहिल्याच वर्षी गहू जमेल. तणनाशकं, फवारण्या यांचा विचार आत्ता नको. आधी ओळ आणि युरिया.

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा, दोन ओळींत साधारण २० सेंमी ठेवून. हातानं फोकून पेरू नका. खुरपायला जागाच राहत नाही. आणि "फुटवे (बुडातून निघणाऱ्या जादा काड्या) भरपूर येतील" म्हणून ओळी लांब-लांब टाकू नका. फुटवे येतात, पण मधल्या मोकळ्या जागेत तणच माजतं आणि एकरी ओंब्या कमी भरतात. उशीर झालाच तर फुटव्यांना वेळ मिळत नाही, तेव्हा ओळी १८ सेंमीवर घ्या, बियाणंही थोडं वाढवा.

नत्र (म्हणजे नायट्रोजन, युरियातून मिळतं ते) बागायती, वेळेवरच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८. डीएपीची (नत्र-स्फुरद दोन्ही असलेलं खत) एक गोणी टाकली तर त्यातलं ९ किलो नत्र वजा करायचं (हे सगळे विसरतात!). उरलं ते युरियाच्या पावणेदोन-दोन गोण्यांत भागतं.

- निम्मं नत्र पेरताना.
- निम्मं १८ ते २१ दिवसांनी, पहिल्या पाण्याच्या वेळी. तेव्हा मुकुटमुळं (रोपाच्या बुडाशी येणारी मुख्य मुळं) फुटतात. हे पाणी चुकवू नका.
- युरिया फेकून रान कोरडं ठेवू नका, नत्र हवेत जातं.

शेजाऱ्याचा गहू हिरवागार दिसला म्हणून मी एकदा आणखी एक गोणी टाकली होती. पीक कमरेएवढं झालं, आणि दाणे भरताना एका वाऱ्यात सगळं लोळलं. माती परीक्षण केलंय का? आकडे कळवा.