वाचकांचे प्रश्न : धातूचे वस्त्र

प्रश्न : आमच्या घरी चादरी विणल्या जातात. धातूचे शिल्प कापडासारखे चुण्या पडून लोंबते, हे कसे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : घानात १९४४ साली जन्मलेले आणि नायजेरियातील न्सुक्का येथे दीर्घकाळ काम केलेले शिल्पकार एल अनात्सुई मद्याच्या बाटल्यांची टाकाऊ झाकणे चपटी करून, दुमडून, तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडतात, प्रत्येक जोड सैल असल्याने संपूर्ण पट वस्त्राप्रमाणे वळतो. यात ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) नाही, म्हणून त्याला विणकाम म्हणणे आपल्याला पटणार नाही. २०१५ साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार दिला. मात्र खरे नावीन्य मला अन्यत्र दिसते : पट कसा टांगायचा, हे ते बहुधा मांडणी करणाऱ्यांवरच सोपवतात, त्यामुळे एकच शिल्प प्रत्येक संग्रहालयात निराळे रूप घेते.