ती पेटी विकायच्या आधी बहिणीला फोन कर

अरे, तुझा मेसेज वाचला. जुनं घर पाडून राहिले, माळ्यावरून तुमची खेळण्यांची पेटी निघाली, क्रिशचा काळा मुखवटा, आयर्नमॅन, ते ॲव्हेंजर्सवाले पुतळे, आणि कोणीतरी सगळी पेटी एकरकमी मागून राहिला, तर विकू का म्हणतोस. विक नाहीतर ठेव, पण तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये बहिणीचं नाव एकदाच आलं, तेही "तिला काय इंटरेस्ट असणार" म्हणून. हे तुला कोणी सांगितलं बाप्पा? तिनं?

आमच्याकडं ताई होती. ज्युरासिक पार्क 1993 चा, हिंदीत आला 1994 ला, आमच्या ब्रह्मपुरीकडच्या खेड्यात पिक्चरच्या आधी त्याचे डायनासोर पोहोचले, मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, चादरीवर ढीग लावून. भाऊबीज झाली की आपल्याकडं गावोगावच्या मंडया सुरू होतात हे तुला सांगायला नको, आणि तिथंच सगळी गोम होती, कारण बाबांनी माझ्या हातात दिलेली नोट मीच ताईच्या ताटात टाकायचो आणि मग मंडईत तिच्याच मागं मागं फिरायचो, ताई तो घे ना, ताई तो मोठ्या दाताचा. पैसे तिचे म्हणून टी-रेक्स तिचा. मला लांब मानेचा, गवत खाणारा. पोकळ प्लास्टिक, पोटाखाली जोडाची रेघ, शेपटीवर तिच्या दातांचे ठसे (ती चावायची, अजून नाकबूल करते). धान कापून पुंजणे, म्हणजे धानाचे ढीग, लागले की ती टी-रेक्स पुंजण्यात लपवायची आणि मी माझा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, हळूहळू चालवत न्यायचो, कुठून झडप येईल पत्ता नाही. पिक्चर आम्ही लय उशिरा पाहिला, व्हीसीआरवर, आणि खरं सांगू, आमचाच खेळ भारी होता.

आणि मजा पाहा, टी-रेक्स कधी आपल्याकडं नव्हताच, तो उत्तर अमेरिकेतला. माझ्या लांब मानेच्याचा एक भाऊबंद मात्र आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातला निघाला! डोंगरगावच्या टेकडीतल्या हाडांवरून 1997 ला शास्त्रज्ञांनी त्या जातीचं वर्णन छापलं, आता त्याला आयसीसॉरस म्हणतात. आणि जवळच्याच पिसदुऱ्याला, आपल्या वरोरा तालुक्यात, डायनासोरचं दगड झालेलं शेण सापडतं, त्यात गवताचे अंश मिळाले, धानाच्या दूरच्या नात्यातल्या गवताचेसुद्धा, 2005 ला ते जगभर गाजलं. मी लगेच ताईला फोन केला, म्हटलं तुझा परदेशी, माझा गाववाला. ती म्हणे, पैसे कोणाचे होते?

म्हणून म्हणतो, तुझ्या पेटीतला अर्धा माल तुझ्या बहिणीच्या डोक्यात आहे. आयर्नमॅनचा हात कोणी तोडला, मुखवटा कोणाचा होता, कशाच्या बदल्यात काय दिलं, हे तुला एकट्याला अर्धवटच आठवत असेल, आणि घेणाऱ्याला त्याचं काहीच नाही, त्याला खोका पाहिजे, सीलबंद. आपल्या खेळण्यांना खोका कुठला, मंडईत काळ्या पन्नीत घालून द्यायचे. त्यामुळं चांगल्या किमतीची फार आशा ठेवू नको. ती गावी येईल तेव्हा दोघं बसा, चादर अंथरा, एकेक काढा, भांडा. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं तर अजून बरं.

तोवर एवढं कर. ज्यात सेल आहेत ते आज काढ, फुटून आतली पत्ती खाऊन टाकतात. मऊ प्लास्टिक चिकट झालं असेल तर ते घाण नाही, प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ बाहेर येतो, कोमट पाणी न् साधा साबण लाव, सावलीत वाळव, थिनर बिलकुल नको, रंगासकट जाईल. आपल्या उन्हात तर ठेवूच नको. पन्नीत घट्ट बांधू नको. आणि नवा रंग मारून चकाचक करायची हौस येईल ती दाब, नाहीतर तिनं केलेली मोडतोड ती ओळखणार कशी.

नेटवर तसाच नवा पीस मागवायचंही लिहिलंस, महाग आहे म्हणे. आत्ता थांब. आधी पेटीत काय काय आहे ते पाह्य, हरवलेलं कदाचित तिच्याकडंच असेल, माझा एक डायनासोर ताईच्या सासरी निघाला होता, तिच्या पोट्ट्याच्या दप्तरात.

विकायचंच ठरलं तर अर्धे पैसे तिचे, ते आधी बोलून घे. फोन आज रात्रीच कर, आठनंतर, तेव्हा ती मोकळी असते म्हणून तूच मागं सांगितलं होतंस.